अर्थसीचे पुनर्वाचन : लेखिकेने स्वतःशीच घातलेला वाद

अद्भुतकथा म्हटली की ती मुलांच्या खात्यावर मांडून मोकळे व्हावयाचे, ही आपल्या वाङ्मयविचाराची जुनी रीत आहे. ‘सुरस आणि चमत्कारिक’ ही दोन विशेषणे एकदा लावली की त्या कथेविषयी अधिक गंभीरपणे बोलण्याची जबाबदारी संपते. शालेय वयात वाचलेली अशी पुस्तके माणूस पुढे स्मृतीत जपतो, चारचौघांत त्यांची स्तुतीही करतो. परंतु ती पुन्हा उघडीत नाही. लहानपणचा वाडा मोठेपणी जसा बुटका वाटतो तसे या पुस्तकांचे होईल, ही धास्ती त्यामागे असते. अलीकडे याच्या नेमकी उलट अशी दुसरी प्रवृत्ती बळावली आहे. जुने पुस्तक आजच्या मापाने मोजावयाचे, स्त्रिया, वर्ण, जात यांविषयीचे त्यातील उल्लेख टिपून काढावयाचे आणि लेखकाला एका फटक्यात बाद ठरवावयाचे. पहिल्या प्रवृत्तीत भक्ती आहे, दुसरीत निवाड्याची घाई आहे. पुस्तक नीट वाचण्याचे काम मात्र दोन्हीकडे राहूनच जाते.

या दोहोंहून निराळी वाट कशी असते हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेसारखे उदाहरण क्वचितच सापडेल. या पुस्तकांचे सर्वांत कठोर पुनर्वाचन खुद्द लेखिकेनेच केले, आणि तेही त्याच जगातील पुढच्या कादंबऱ्या लिहून केले. एका लेखिकेने आपल्याच गाजलेल्या कृतीशी तीन दशके घातलेला हा वाद आहे. आवडत्या लेखकाचा हिशेब वाचकाने कसा मांडावा, याचा वस्तुपाठ त्यात मिळतो.

बेटांचे जग

ले ग्विन यांचा जन्म १९२९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला आणि २०१८ च्या जानेवारीत पोर्टलंड येथे त्यांचे निधन झाले. वडील अल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतील अग्रगण्य मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा क्रोबर यांनी ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ हे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक लिहिले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी नामशेष केलेल्या याही जमातीतील इशी हा अखेरचा माणूस. १९११ साली तो एकटाच रानातून बाहेर आला आणि १९१६ साली वारला. आपले खरे नाव त्याने कोणालाही सांगितले नाही. ‘इशी’ हा त्याच्या भाषेतील ‘माणूस’ या अर्थाचा शब्द; तेच नाव म्हणून क्रोबर यांनी त्याला दिले. ले ग्विन यांच्या जन्माआधी तेरा वर्षे हा माणूस गेला होता, तेव्हा त्याच्या कहाणीशी ‘अर्थसी’चा थेट धागा जोडण्याचा मोह आवरलेला बरा. परंतु भाषा, नावे, रूढी आणि विधी यांतून समाज कसा घडतो, हा ज्या घरातील व्यासंगाचा विषय होता त्या घरात ही लेखिका वाढली, एवढे ध्यानात ठेवणे इष्ट.

बर्कलीच्याच पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने किशोरवयीन वाचकांसाठी पुस्तक मागितले आणि १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ बाहेर पडले. १९७१ मध्ये ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ आणि १९७२ मध्ये ‘द फार्देस्ट शोअर’ ही पुढची दोन पुस्तके आली. यांपैकी तिसऱ्याला १९७३ साली बालवाङ्मयाचा ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ हा मानाचा पुरस्कार लाभला.

अर्थसी हे समुद्रात विखुरलेल्या असंख्य बेटांचे जग आहे. त्यातील गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर काशाचे काम करणाऱ्या कारागिराचा, आईविना वाढलेला मुलगा म्हणजे या कथेचा नायक गेड. चेटकीण असलेल्या मावशीकडून तो पहिले मंत्र शिकतो, पुढे रोक बेटावरील मंत्रविद्यालयात जातो आणि एका सहाध्यायावर कुरघोडी करण्याच्या ईर्ष्येने मृतात्म्याला आवाहन करतो. त्या क्षणी उघडलेल्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते आणि त्याच्या पाठीस लागते. गुरू ओगिअनच्या उपदेशानंतर तो पळणे सोडतो व उलट तिचाच पाठलाग करू लागतो. अखेर भर समुद्रात दोघे समोरासमोर येतात, तेव्हा गेड त्या छायेला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. टोल्किन यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या बहुसंख्य अद्भुत कादंबऱ्यांतील शत्रू पलीकडच्या काळ्या मुलखात राहतो आणि त्याच्याशी सैन्य घेऊन लढावे लागते. येथे शत्रू नायकाच्या आतच आहे आणि त्याला मारता येत नाही, आपला म्हणावे लागते. किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने एवढी प्रौढ गोष्ट इतक्या साधेपणाने सांगावी, हे आजही थक्क करणारे आहे.

नावाचे माहात्म्य

या जगात मंत्र म्हणजे वस्तूचे खरे नाव. ज्याला नाव ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून येथे प्रत्येकाला दोन नावे असतात. व्यवहारातील नाव सर्वांसाठी असते. खरे नाव जिवाभावाच्या माणसालाच सांगावयाचे असते. रोकच्या विद्यार्थ्यांना एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या लांबच लांब याद्या पाठ कराव्या लागतात. विद्या म्हणजे चमत्कार नव्हे, घोकंपट्टीचे कष्ट आहेत, हे सांगणारी ही जादूची शाळा शिक्षकवर्गास विशेष आवडावी! आणि एक साधा खडा बदलला तरी सृष्टीचा समतोल ढळतो, हा तेथील पहिला धडा. ले ग्विन यांना तरुणपणापासून ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाची ओढ होती आणि १९९७ मध्ये त्यांनी त्याचे स्वतःचे इंग्रजी रूपही प्रसिद्ध केले. त्या विचाराचा ठसा येथे स्पष्ट दिसतो.

नावाचे हे माहात्म्य मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. पाळण्यातले नाव एक आणि हाक मारण्याचे दुसरे, हे आपल्याकडे घरोघर असते. नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज न घेण्याची रूढी आपण जाणतो. लग्नाच्या दिवशी मुलीचे पहिले नावसुद्धा बदलावयाचे आणि नवे नाव ताटातील तांदळांवर लिहावयाचे, ही प्रथाही अनेक घरांत होती व काही घरांत आजही आहे. नाव देणे हा गौरव असू शकतो, तसेच एखाद्याचे आधीचे आयुष्य पुसून टाकण्याचे ते साधनही असू शकते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही ग्रंथाशिवाय कळले होते.

म्हणूनच दुसऱ्या पुस्तकातील टेनार आपल्याला अधिक जवळची वाटते. देवस्थानची मुख्य पुजारीण ज्या रात्री वारली त्या रात्री जन्मलेली ही मुलगी पाच-सहा वर्षांची असताना आईबापांपासून तोडली जाते. तीच पूर्वीच्या पुजारिणीचा पुनर्जन्म आहे असे ठरवून तिचे नाव काढून घेतले जाते आणि ‘भक्षिली गेलेली’ या अर्थाचे ‘आर्हा’ हे नाव तिला लावले जाते. थडग्यांखालच्या काळोख्या चक्रव्यूहाची ती स्वामिनी होते. वस्तुतः ती तेथील कैदी असते. तुटलेल्या कड्याचा उरलेला अर्धा भाग शोधीत गेड तेथे येतो आणि तिच्या हाती सापडतो. त्याला मारावे की सोडावे, हा निर्णय तिचा. तो तिला तिचे पहिले नाव परत देतो, आणि ती त्याला बाहेरची वाट दाखवते. धर्माच्या नावाने बाईचे आयुष्य गिळणारी व्यवस्था इतक्या थोड्या पानांत दाखविणारे पुस्तक विरळाच.

खटकणाऱ्या जागा

आता पुनर्वाचनात खटकणाऱ्या गोष्टींकडे वळले पाहिजे, कारण त्या किरकोळ नाहीत. रोकच्या विद्यालयात मुलींना प्रवेश नाही. का नाही, असे पहिल्या पुस्तकात कोणी विचारीतही नाही. गाँट बेटावर स्त्रियांच्या मंत्रविद्येला दुबळेपणा आणि दुष्टपणा चिकटविणाऱ्या म्हणी रूढ आहेत, आणि निवेदक त्या नोंदवून पुढे जातो. मावशीची विद्या हलकी, ओगिअनची विद्या थोर, ही उतरंड कथेने गृहीतच धरली आहे. गेडच्या मार्गात येणाऱ्या स्त्रिया बहुधा मोह घालणाऱ्या तरी आहेत किंवा चूल सांभाळणाऱ्या तरी. दुसऱ्या पुस्तकात नायिका आहे खरी. परंतु तिला आपले नाव परत मिळते ते पुरुषाच्या मुखातून. तिसऱ्यात महामांत्रिक झालेला गेड आणि राजपुत्र ॲरन मृत्यूच्या प्रदेशापर्यंत जाऊन येतात. त्या भव्य प्रवासात स्त्रीला जवळजवळ स्थानच उरत नाही.

याचे समर्थन करणे सोपे आहे. तो काळच तसा होता. अद्भुतकथेची परंपराच वीरपुरुषांची होती. लेखिका तरी काय करणार? हे सारे खरे असले तरी पुरेसे नाही. ज्या लेखिकेने सत्ता आणि तिच्या मर्यादा हाच आपल्या कादंबऱ्यांचा विषय केला, तिला या कसोटीतून सूट देणे म्हणजे तिच्या विषयालाच गौण मानणे होय. सुदैवाने ले ग्विन यांनी ही सूट स्वतःला दिली नाही.

अठरा वर्षांनंतर

तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षे लोटली आणि १९९० मध्ये ‘टेहानू’ प्रसिद्ध झाले. नेब्युला पुरस्काराचा मान मिळालेल्या या कादंबरीने अनेक जुन्या वाचकांना चक्रावून सोडले. टेनार आता प्रौढ, शेतकऱ्याची विधवा आहे. गावात तिला तिसऱ्याच एका नावाने, ‘गोहा’ म्हणून ओळखतात. अत्याचार करून आगीत ढकललेली, अर्धा चेहरा जळालेली थेरू नावाची एक पोर ती सांभाळते आहे. तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस सारी शक्ती खर्चून बसलेला गेड घरी परततो, तो खचलेला, लाजेने लपणारा माणूस म्हणून. महामांत्रिकाला शेळ्या राखाव्या लागतात. भांडी घासणे, शिवणे, जखमा धुणे, आजाऱ्याजवळ रात्र जागणे या कामांनी ही कादंबरी भरलेली आहे. पहिल्या तीन पुस्तकांत हीच कामे पडद्यामागे कोणीतरी करीत होते. तेव्हा कथेची नजर तिकडे गेली नव्हती, एवढेच.

१९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ले ग्विन यांनी या बदलाची मीमांसा केली. वीरकथेची चौकट पुरुषांनी पुरुषांसाठी घडविलेली आहे आणि आपणही ती पूर्वी न तपासता स्वीकारली होती, असा त्या प्रतिपादनाचा रोख होता. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. त्यांनी पहिल्या पुस्तकातील त्या म्हणी पुसल्या नाहीत. ‘टेहानू’मध्ये त्यांवर पात्रेच बोलू लागतात. म्हण तीच आहे, पण आता तिच्यामुळे कोणाचे नुकसान झाले ते दिसते.

पुढे २००१ मध्ये ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह आणि ‘दि अदर विंड’ ही शेवटची कादंबरी आली. रोकचे विद्यालय मुळात स्त्री-पुरुषांनी मिळून स्थापिले होते आणि स्त्रियांना नंतर दूर सारण्यात आले, असा पूर्वेतिहास त्या संग्रहातील एका कथेतून उलगडतो. परंपरा म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा नंतरचे अतिक्रमण असते, हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही. ‘दि अदर विंड’ तर याहून पुढे जाते. तिसऱ्या पुस्तकातील मृतांचा कोरडा, निःशब्द प्रदेश वाचकाने अटळ सत्य म्हणून स्वीकारलेला असतो. शेवटच्या पुस्तकात कळते, की तो निसर्गनियम नसून अमरत्वाच्या लोभाने प्राचीन मांत्रिकांनी ड्रॅगनांकडून बळकावलेला आणि भिंत घालून बंद केलेला प्रदेश आहे. ती भिंत पाडली जाते. स्वतःच्या सर्वांत प्रभावी कल्पनाचित्राचा पाया असा उकरून पाहण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांनी दाखविले आहे.

मूळ मजकूर आणि नवी टीप

ही वृत्ती ‘अर्थसी’पुरती नव्हती. १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत त्यांनी कायमचे स्त्रीत्व वा पुरुषत्व नसलेल्या माणसांचा ग्रह कल्पिला. परंतु त्या माणसांसाठी इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्यावर आक्षेप आले तेव्हा १९७६ च्या निबंधात त्यांनी आपली बाजू मांडली. सुमारे दहा वर्षांनी तोच निबंध पुन्हा छापताना मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून, आता आपल्याला काय पटत नाही याच्या टिपा त्यांनी त्यातच घातल्या. दोन्ही मते एकाच पानावर वाचकापुढे राहिली. त्याच ग्रहावरील ‘विंटर्स किंग’ या कथेत मात्र १९७५ साली संग्रहात घेताना त्यांनी सर्वनामेच बदलली व स्त्रीलिंगी केली. तेव्हा जुन्या मजकुराला हात लावावयाचाच नाही, असा त्यांचा काही सोवळा नियम नव्हता. बदल उघडपणे आणि लेखिकेच्याच हातून झाला, हे महत्त्वाचे. मराठीत तर सर्वनामाबरोबर क्रियापद आणि विशेषणही लिंगाप्रमाणे बदलते. तेव्हा हा प्रश्न आपल्या भाषेत किती बिकट होईल, याचा विचार व्याकरण शिकविणाऱ्यांनी आणि भाषांतर करू इच्छिणाऱ्यांनी अवश्य करावा.

या पार्श्वभूमीवर २०२३ साली इंग्लंडमध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांबाबत जे घडले ते आठवते. लेखकाच्या मृत्यूला बत्तीस वर्षे होऊन गेल्यावर नव्या आवृत्त्यांतून खटकणारे शब्द बदलण्यात आले. ओरड झाल्यावर मूळ मजकुराच्या आवृत्त्याही उपलब्ध ठेवण्याची घोषणा प्रकाशकांना करावी लागली. हेतू चांगला असेल. पण शब्द बदलल्याने तो शब्द एके काळी सहज का चालत होता, हा प्रश्नच मुलांच्या डोळ्यांआड होतो. ले ग्विन यांची पद्धत तो प्रश्न उघडा ठेवते.

नव्यालाही तीच कसोटी

पुनर्मूल्यमापन म्हणजे केवळ जुन्याला दोष देऊन नव्याला डोक्यावर घेणे नव्हे. ‘टेहानू’लाही तीच कसोटी लावली पाहिजे. या कादंबरीतील दुर्जन पुरुष एकरंगी आहेत. गेडच्या छायेत जी गुंतागुंत होती ती त्यांच्यात नाही. काही ठिकाणी पात्रांचे संवाद चर्चासत्रातील भाषणांच्या वळणावर जातात. आणि शेवटी संकटातून सुटका होते ती आकाशातून येणाऱ्या ड्रॅगनमुळे. ही युक्ती एखाद्या दुय्यम लेखकाने वापरली असती तर आपण ती सहज खपवून घेतली नसती. निव्वळ रचनेच्या दृष्टीने पाहिले तर ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ हेच मालिकेतील सर्वांत बांधेसूद पुस्तक ठरते. विचार पुढे गेला म्हणून कला आपोआप पुढे जात नाही, हेही या मालिकेने शिकविले आहे.

उलट एका बाबतीत पहिली पुस्तके त्यांच्या काळाच्या खूप पुढे होती. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र वेच काळा आहे, आणि बेटांवर धाडी घालणारे कार्ग लोक गोरे आहेत. १९६८ च्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. लेखिकेने ती गाजावाजा न करता, वाचक नायकाशी एकरूप होऊ लागल्यावर हळूच सांगितली. परंतु अनेक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोराच रंगविला गेला, आणि २००४ साली अमेरिकेत झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत ती भूमिका गोऱ्या नटाला देण्यात आली. ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असूनही चित्रकार, निर्माते आणि पुष्कळ वाचकही ते पाहत नाहीत. तेव्हा दोष दरवेळी लेखकाच्याच पदरात टाकता येत नाही. वाचनाचेही पुनर्मूल्यमापन करावे लागते.

वाचकाचे कर्तव्य

शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडणाऱ्या शिक्षकापुढे, मुलाच्या हाती आपले आवडते पुस्तक देऊ पाहणाऱ्या पालकापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. ‘या शाळेत मुली का नाहीत?’ असे आठवीतल्या मुलीने विचारले, तर काय सांगावे? पुस्तक काढून घेणे हे उत्तर नव्हे आणि ‘ती नुसती गोष्ट आहे’ असे म्हणून तिला गप्प करणे हेही नव्हे. प्रश्न बरोबर आहे, असे प्रथम तिला सांगावे. हाच प्रश्न पुढे लेखिकेलाही पडला, हेही सांगावे आणि योग्य वयात ‘टेहानू’ तिच्या हाती द्यावे. पहिले पुस्तक वाचल्यावाचून चौथ्याचे दुःख कळत नाही, आणि चौथे वाचल्यावर पहिले पूर्वीसारखे राहत नाही. दोन्ही शेजारी शेजारी फळीवर असली पाहिजेत.

प्रत्येक लेखकाला असे आयुष्य आणि अशी वृत्ती लाभत नाही. बहुतेकांना स्वतःचे लेखन फेरतपासण्याची सवड मिळत नाही. काहींना तशी इच्छाही नसते. अशा वेळी ते काम वाचकावर येते. जे खरोखर मोठे आहे ते मोठे म्हणावे, जे खुजे आहे ते नाव घेऊन खुजे म्हणावे, आणि दोहोंसह ते पुस्तक आपले मानावे. आपली छाया आपल्याच नावाने ओळखण्याचे धैर्य गेडने दाखविले होते. ज्या पुस्तकांनी ही शिकवण दिली, त्यांच्याशी तरी आपण तितक्या प्रामाणिकपणे वागावयास हवे.